खिंडीच्या पूर्वेला

साठी उलटल्यावर नवी भाषा शिकायला बसण्यात एक निराळीच मौज आहे. परीक्षेची धास्ती नसते, नोकरीची घाई नसते, आणि वर्गातली विशीतली मुले आपल्याला सरळ 'आजी' म्हणून हाक मारीत असल्यामुळे चारचौघांत बोबडे बोलायची लाजही उरत नाही. तरुण माणसाला शब्द म्हणजे वाटेतले मैलाचे दगड. मोजावेत आणि पुढे जावे. माझ्यासारखीला एखाद्या दगडावर टेकून घटकाभर इकडेतिकडे पाहता येते. मी गेली तीन वर्षे कोरियन शिकते आहे आणि अशीच एका शब्दापाशी रेंगाळले आहे. तो शब्द म्हणजे 'यॉंगदोंग'.

तसे पाहिले तर पोचायचे मलाही आहे, पण फार दूर नाही, विहीणबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत. माझी मुलगी शिकायला म्हणून सोलला गेली, तिथल्याच एका सहाध्यायाशी तिने लग्न केले, आणि आता ती दोघे वॉन्जू नावाच्या शहरात राहतात. जावयाची आई गांगनुंगला, समुद्रकाठी. आम्हा दोघी विहिणींच्या बोलण्यात आजवर मुलगीच दुभाषी. मुलगी दुभाषी असली म्हणजे काय होते, ते सांगायला नको. मी पाच वाक्ये बोलले की ती एका वाक्यात आटोपते. आणि विहीणबाई डोळे पुसत काही बोलल्या की "काही नाही गं आई, जुन्या आठवणी," एवढेच माझ्या वाट्याला येते. त्या जुन्या आठवणी कोणत्या, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते. कोरियन भाषेत व्याही-विहिणींसाठी 'सादोन' असा खास शब्द आहे. ज्या भाषेने या नात्याला नाव द्यायची तसदी घेतली, ती आपल्याला अगदीच परकी असणार नाही, असे मनाशी म्हणत मी शिकवणीला नाव घातले.

कान तयार व्हावा म्हणून आमच्या शिक्षिकेने रोज हवामानाच्या बातम्या ऐकायला सांगितल्या. त्यांत एक गोष्ट चटकन लक्षात आली. गांगवॉन या एकाच प्रांताचे हवामान दोनदा सांगतात. एकदा 'गांगवॉन यॉंगसॉ' म्हणून आणि एकदा 'गांगवॉन यॉंगदोंग' म्हणून. एकीकडे स्वच्छ ऊन, तर दुसरीकडे हातभर बर्फ. वॉन्जू यॉंगसॉमध्ये, गांगनुंग यॉंगदोंगमध्ये. म्हणजे मुलीचे घर एका हवामानात आणि सासर दुसऱ्या हवामानात! मी शब्दकोश उघडला.

शब्दकोशात एक सोडून तीन यॉंगदोंग निघाले. पहिले म्हणजे देशाच्या मध्यभागातला द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेला एक तालुका. दुसरे खुद्द सोल शहरातले. हान नदीच्या दक्षिण तीरावर १९७०च्या दशकात नवी वस्ती उभी राहू लागली, तेव्हा तिला यॉंगदोंग म्हणत. यॉंगदुंगपो या जुन्या भागाच्या पूर्वेचे, म्हणून यॉंगदोंग. पुढे तिला 'गांगनाम' म्हणजे 'नदीच्या दक्षिणेचे' हे नाव रूढ झाले, आणि २०१२ साली एका गाण्याने ते नाव आपल्या गणपतीच्या मिरवणुकांपर्यंत आणून पोचवले. जुन्या नावाचा पूल मात्र नदीवर अजून उभा आहे. तिसरे यॉंगदोंग आमच्या विहीणबाईंचे.

तिन्ही नावे कोरियन लिपीत अगदी एकसारखी लिहितात. सेजोंग राजाने १४४६ साली प्रजेच्या हाती दिलेली ही लिपी ध्वनी मोठा चोख टिपते, पण शब्दाचे कूळ सांगत नाही. आपल्याकडे 'कर' म्हणजे हातही, साराही आणि आज्ञाही. वाक्यात बसल्याशिवाय त्याची जात कळत नाही. तसेच हे. कूळ पाहायचे तर त्यामागची जुनी चिनी अक्षरे उघडावी लागतात. ती उघडली की तिन्ही नावे वेगवेगळी होतात, आणि आमच्या यॉंगदोंगमधला 'यॉंग' म्हणजे डोंगरातली खिंड, घाट. 'दोंग' म्हणजे पूर्व, 'सॉ' म्हणजे पश्चिम. यॉंगदोंग, खिंडीच्या पूर्वेला. यॉंगसॉ, खिंडीच्या पश्चिमेला. एवढा साधा अर्थ!

ती खिंड म्हणजे तेबेक पर्वतरांगेतली 'देग्वाल्ल्यॉंग', उंची ८३२ मीटर. हे नाव लिहिताना 'देग्वान' आणि 'र्यॉंग' असे लिहितात. 'र्यॉंग' म्हणजे तीच खिंड. बोलताना मात्र 'न' आणि 'र' एकमेकांत मिसळून 'ल्ल' होतो. वर्गातली मुले या नियमाने हैराण झाली होती. मला मात्र शाळेतले संस्कृतचे मास्तर आठवले. तत् अधिक लीन, तल्लीन! कोरियन बोलीला 'हानगुक-माल' लिहून 'हानगुङमाल' म्हणतात, हे कळल्यावर तर वाक् अधिक मय वाङ्मय म्हणत मी बाकावर हातच मारला. पाणिनी काही तिकडे गेला नव्हता. पण जिभेचा आळस सगळ्या मुलखांत सारखाच, आणि शहाण्या माणसांनी त्याचे नियम करून ठेवले आहेत.

दुसरी गंमत अशी की 'र्यॉंग' शब्दाच्या आरंभी आला की दक्षिण कोरियात त्याचा 'यॉंग' होतो. अशा शब्दांच्या तोंडाशी 'र' नको, असा त्यांचा नियम. उत्तर कोरियाने तो 'र' तसाच ठेवला आहे. एकच खिंड, एकच शब्द. सरहद्दीच्या अलीकडे 'यॉंग', पलीकडे 'र्यॉंग'. वहीत हे उतरवून घेताना ती व्याकरणातली एक बारीकशी गोष्ट वाटली होती.

आपणही घाटांचीच माणसे. साहेब आला, त्याने सह्याद्रीतल्या वाटांना लोक घाट म्हणतात हे ऐकले आणि वाटेचे नाव उचलून सगळ्या डोंगराला देऊन टाकले. आपण मात्र मुलूख ओळखतो तो घाटावरचा आणि घाटाखालचा असा. मी मूळची चिपळूणकडची, १९७६ साली लग्न होऊन कऱ्हाडला आले. तेव्हा सासरी कौतुकाने असो की टोमण्याने असो, "खालची आहे ती" असे म्हणत, आणि माहेरी गेले की बायका "वरच्या लोकांत कशी गं राहतेस?" म्हणून विचारीत. वर आणि खाली या शब्दांत उंची आली, आणि उंची आली की तोराही आला. कोरियन शब्दांत तसे नाही. देग्वाल्ल्यॉंगच्या माथ्यावर उभे राहून एक हात पूर्वेला करावा आणि एक पश्चिमेला, की झाली दोन नावे. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

तिकडची सगळीच नावे अशी समदृष्टीची आहेत, असे मात्र नाही. गांगनुंगजवळ जॉंगदोंगजिन नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. त्याचा अर्थ 'ठीक पूर्वेचे बंदर'. कशाच्या पूर्वेचे, तर सोलच्या राजवाड्याच्या! तिथले कोळी शेकडो वर्षे आपल्या गावाला दूरच्या राजाच्या खिडकीतून पाहत आले म्हणायचे. गांगवॉन प्रांताचे नाव मला त्याहून आवडते. १३९५ साली ते ठेवले, तेव्हा गांगनुंगचे पहिले अक्षर 'गांग' घेतले आणि वॉन्जूचे पहिले अक्षर 'वॉन'. खिंडीच्या पूर्वेचे एक, पश्चिमेचे एक. माझ्या मुलीचे सासर आणि तिचे घर एकत्र जोडून हा प्रांत झाला आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा तिलाही ते नवे होते.

खिंडीच्या दोन बाजू माणसांनी मानल्या म्हणून नाहीत. वाऱ्यालाही त्या ठाऊक आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी समुद्रावरून ईशान्येचा वारा येतो. त्याला 'नोप्से' म्हणतात. कोळ्यांच्या जुन्या बोलीत 'नोप' म्हणजे उत्तर आणि 'से' म्हणजे पूर्व. हा वारा यॉंगदोंगवर ढग आणि गारवा टाकतो, तेबेक रांग चढतो, आणि पलीकडे उतरताना कोरडा, तापलेला होऊन यॉंगसॉची शेते सुकवतो. वसंतात वारा उलट फिरतो. पश्चिमेकडून डोंगर ओलांडून तो समुद्राकडे घोंगावत उतरतो आणि ठिणगी पडली की रान पेटते. २००५च्या एप्रिलमध्ये समुद्रकाठचे नाकसान हे पुरातन बुद्धमंदिर अशाच आगीत जळाले. आपला पाऊस कोकणात कोसळतो आणि घाट चढून पलीकडे गेला की हात आखडतो, त्याचेच हे भाऊबंद. फरक एवढाच की आपला समुद्र पश्चिमेला, त्यांचा पूर्वेला.

हिवाळ्यात या खिंडीजवळच्या गावांतून लाकडी मांडवांवर मासे वाळत घालतात. रात्री ते गोठतात, दिवसा विरघळतात, आणि महिनोन्‌महिने असे होत होत पिवळसर, हलके होतात. त्यांना 'ह्वांगते' म्हणतात. मासा समुद्राचा, पण त्याला चव येते ती डोंगरात. आता तो मासा बहुतेक रशियाच्या समुद्रातून येतो. वाळतो मात्र अजून खिंडीतल्या वाऱ्यावरच. विहीणबाईंनी पाठवलेल्या पहिल्या पार्सलात तो होता. कोकणातली माणसे सुक्या मासळीला काय मानतात, हे त्यांना कोणी सांगितले होते कोण जाणे!

जुन्या काळी गांगनुंगची माणसे राजधानीला जायची ती या खिंडीतून, पायी. एक गोष्ट सांगतात. परीक्षेला निघालेल्या एका विद्यार्थ्याने शंभर सुकवलेली पर्सिमनची फळे बरोबर घेतली आणि प्रत्येक वळणाला एक खाल्ले. माथ्यावर पोचला तेव्हा एक उरले होते. तेव्हापासून देग्वाल्ल्यॉंगला नव्याण्णव वळणे. दक्षिणेकडच्या विद्यार्थ्यांच्या पुढे तर तीन खिंडी असत. एकीच्या नावात पानगळीचा वारा, म्हणून तिकडून गेले की गळालेच. दुसरीच्या नावात घसरण्याचा ध्वनी. म्हणून बिचारे तिसऱ्या, मुन्ग्यॉंगच्या खिंडीने जायचे, कारण त्या नावाचा अर्थ शुभवार्ता ऐकणे! परीक्षेला निघताना दहीसाखर खाणाऱ्या आपल्या लोकांना यात हसण्यासारखे काही नाही.

पण खिंड ओलांडणाऱ्यांत मला सर्वांत जवळची वाटली ती सोळाव्या शतकातली एक लेक. शिन साइमदांग तिचे नाव; जन्म १५०४, गांगनुंगचा. चित्रकार होती, कवयित्री होती. तिकडच्या पन्नास हजार वॉनच्या नोटेवर २००९पासून तिचे चित्र आहे, आणि पाच हजारांच्या नोटेवर तिचा विद्वान मुलगा युलगोक आहे. त्या काळी लग्नानंतरही मुलीने बरीच वर्षे माहेरी राहावे अशी रीत होती, त्यामुळे युलगोकचा जन्मही आजोळी, गांगनुंगलाच झाला. पुढे अडतिसाव्या वर्षी तिला सासरचा संसार हाती घ्यायला राजधानीला जावे लागले. म्हातारी आई मागे राहिली. देग्वाल्ल्यॉंग ओलांडताना मागे वळून माहेराकडे पाहिल्याची तिची एक छोटीशी कविता आहे, आणि कोरियात ती सर्वांना ठाऊक आहे.

या कवितेच्या नावातच 'छिन्जॉंग' असा शब्द आहे. वर्गात शिक्षिकेने इंग्रजीत त्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली. विवाहित स्त्रीच्या आईवडिलांचे घर वगैरे वगैरे. चांगली लांबलचक ओळ झाली. मी मागून म्हटले, "माहेर." सगळा वर्ग मागे वळला. सासरला 'शिजिप' म्हणतात, आणि मुलीचे लग्न झाले म्हणायचे तर ती 'शिजिपला गेली' म्हणतात. छिन्जॉंगची दोन अक्षरे फोडली तर निघते 'आईबापांचे अंगण'. घर नव्हे, अंगण! ज्याने कोणी हा शब्द घडवला त्याच्या घरातून एखादी लेक गेलेली असली पाहिजे. लेक परत येते तेव्हा आधी अंगणातच दिसते.

पोफळी सोडली की कुंभार्लीचा घाट सुरू होतो. एसटीच्या मागच्या बाकावर, मांडीवर आईने दिलेली आमसुले आणि फणसपोळीची पिशवी घेऊन, मीही कितीदा तरी मागे वळून पाहिले आहे. दर वळणाला खालचा मुलूख थोडा थोडा लहान होत जातो आणि माथ्यावर हेळवाकची बाजू लागली की एकदम नाहीसा होतो. पण मला एक ठाऊक असे. गणपतीत नाहीतर मे महिन्यात ही गाडी उलट्या दिशेने जाईल, आणि तोच मुलूख वळणावळणाने पुन्हा मोठा होईल. घाट आड येतो, पण घाटाला वाट असते. म्हणून तर त्याला घाट म्हणायचे.

गेल्या चैत्रात विहीणबाईंशी मी पहिल्यांदा दुभाष्याशिवाय तासभर बोलले. माझी वाक्ये मोडकी होती, त्या सावकाश बोलत होत्या. त्यांच्या जुन्या आठवणी त्या दिवशी मला कळल्या.

कोरियाच्या उत्तरेकडच्या मुलखाची जुनी नावेही अशाच एका खिंडीवरून पडली आहेत. तिचे नाव छॉल्ल्यॉंग. तिच्या उत्तरेचा तो 'ग्वानबुक', पश्चिमेचा तो 'ग्वानसॉ'. पूर्वेच्या मुलखाला, म्हणजे गांगनुंगच्या बाजूलाही 'ग्वानदोंग' म्हणतात. हे नाव छॉल्ल्यॉंगवरून आले की देग्वाल्ल्यॉंगवरून, याबद्दल दोन मते आहेत. गांगनुंगला त्या नावाचे विद्यापीठ आहे. छॉल्ल्यॉंग खिंड मात्र आता उत्तर कोरियात आहे. २७ जुलै १९५३ रोजी युद्ध थांबले तेव्हा जी रेषा ओढली गेली, तिने गांगवॉन प्रांतही चिरला. त्या रेषेवरच्या युद्धकैद्यांची राखण करायला भारतीय सैन्य गेले होते आणि त्याचे सेनापती आपल्या कोल्हापूरकडचे थोरात होते, एवढेच कोरियाविषयी माझ्या वडिलांना ठाऊक होते.

विहीणबाईंच्या आईचे माहेर त्या खिंडीच्या उत्तरेला, हामहुंग शहराजवळ. १९५०च्या डिसेंबरात हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख माणसे जहाजांतून दक्षिणेला आली, त्यांत त्या आपल्या यजमानांबरोबर होत्या. दोनचार महिन्यांत परतू, असे आईला सांगून निघाल्या होत्या. मग जितके उत्तरेला राहता येईल तितके राहायचे, म्हणजे परतताना वाट कमी, म्हणून ही माणसे सोकछोच्या वाळूत झोपड्या बांधून राहिली. हामग्यॉंगच्या बोलीत बापाला 'आबाइ' म्हणतात. त्यावरून त्या वस्तीला अजून आबाइ-गाव म्हणतात. विहीणबाई तिथल्याच. त्यांची आई दर हिवाळ्यात मासा आणि राळ्याचा भात एकत्र आंबवून माहेरच्या पद्धतीचे लोणचे घाली, आणि बरणीचे तोंड बांधताना दरवेळी म्हणे, पुढच्या वर्षी तिकडचे खाऊ. दोन्ही सरकारांनी ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी घडवल्या. तशी शेवटची भेट २०१८च्या ऑगस्टमध्ये झाली. विहीणबाईंच्या आईचा नंबर कधी लागला नाही. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

"खिंड असती तर चालत गेली असती हो," विहीणबाई म्हणाल्या. "नव्याण्णव काय, हजार वळणे असती तरी गेली असती. रेषेला वळणच नसतं."

मी बराच वेळ काही बोलले नाही. अलीकडे 'यॉंग' आणि पलीकडे 'र्यॉंग' हे मी वहीत लिहिले होते, ते मनात आले.

मग त्यांनी मला विचारले, "तुमचं छिन्जॉंग खिंडीच्या कोणत्या बाजूला?" मी सांगितले, पश्चिमेला, समुद्राकडे. त्या हसल्या. "आणि माझ्या सुनेचं?" म्हणजे माझे घर. मी म्हटले, खिंडीच्या पूर्वेला. कऱ्हाडचे आमचे घर हे गेल्यापासून बंदच आहे. मी पुण्याला मुलाकडे असते. घर विकावे असे मुलाचे म्हणणे, आणि त्यात चूक काही नाही. कौले दर पावसाळ्याला खर्च मागतात आणि वर्षातून चार दिवसही तिथे कोणी राहत नाही. दलालाने गिऱ्हाईकही आणले होते. हे सगळे मला जमले तसे मी विहीणबाईंना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "अंगण आहे?" मी म्हटले, आहे. तुळस आहे, पारिजातकही आहे. त्या म्हणाल्या, "मग घाई करू नका. तिला येता येत नसलं तरी ते आहे, एवढं तिला ठाऊक असू द्या. माझ्या आईला तेवढंच ठाऊक नव्हतं."

आता देग्वाल्ल्यॉंगच्या पोटातून २१.७ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा गेला आहे. २०१८च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी, आदल्या डिसेंबरात ही गाडी सुरू झाली. वॉन्जूहून बसले की तासाभरात गांगनुंग. खिंड दिसतही नाही. तरी रोज सकाळी हवामान सांगणारी मुलगी यॉंगदोंग वेगळे सांगते आणि यॉंगसॉ वेगळे सांगते. माणसे डोंगराखालून गेली म्हणून डोंगराच्या बाजू मिटत नाहीत.

मुलाला मी सांगितले आहे की दलालाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायला सांग. पुढे काय होईल ते पुढे पाहू. तूर्त गवंड्याला बोलावून कौले चाळून घेतली, अंगण सारवून घेतले आणि त्याचा एक फोटो वॉन्जूला पाठवला. फराळाचा डबाही गेला आहे. चकल्या मुलीच्या, आणि बेसनाचे लाडू विहीणबाईंचे. मुलगी ते गाडीने, बोगद्यातूनच घेऊन जाईल. पण विहीणबाईंना फोनवर मी सांगितले ते असे, की तुमचे लाडू खिंड ओलांडून येत आहेत.